हयातीचा दाखला

रोम, 2 डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबा सहज म्हणाले, "बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करून आलो, म्हणजे सरकारदरबारी आणखी एक वर्ष आहे मी." आई पाठीमागून रागावली आणि विषय तिथेच थांबला. ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही, कारण सबंध नोव्हेंबर महिना मी इथे दुसऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यांवर सह्या करीत होते.

भारतात नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता मुलांकडे इटलीत येऊन राहिलेले पेन्शनर या महिन्यात वकिलातीत येतात. काम तसे पाच मिनिटांचे असते. माणूस समोर हजर असावा, पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद जुळावेत आणि सही आमच्यादेखत व्हावी, एवढेच पाहायचे. हा माणूस जिवंत आहे असे मी लिहून देणार असल्यामुळे प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहावे लागते. एका आजोबांचा हात इतका थरथरत होता की तिसऱ्या वेळी सही जुळली, आणि प्रत्येक वेळी ते माझीच क्षमा मागत होते. ते गेल्यावर माझ्या लक्षात आले, की बाबांची सही मी गेल्या चौदा महिन्यांत पाहिलेली नाही.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण म्हणजे तालमीच्या पोरांनी चौकात लावलेला तो फलक. त्यांचे प्रेम मला समजते, पण फलकावर माझ्या फोटोखाली 'राजदूत' असे लिहिले आहे आणि मी द्वितीय सचिव आहे. फरक किती हे बाबांना सांगायला नको. अव्वल कारकुनाला कोणी कलेक्टर म्हटले तर त्यांना कसे वाटले असते, तेवढाच. शेजारी विचारतील तेव्हा त्यांना सांगा, की मेजवान्या असतात, पण त्यांतल्या बहुतेक वेळी मी पाहुण्यांची नावे, बसण्याची जागा आणि गाड्यांचा क्रम यांच्या याद्या हातात घेऊन भिंतीशी उभी असते. आईलाही एक सांगायचे राहिले आहे. कांदा-लसूण चटणी वकिलातीच्या टपालाच्या 'सरकारी थैलीतून' पाठवता येत नाही. 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार ती थैली कोणी उघडू शकत नाही हे खरे, परंतु तिच्यात फक्त सरकारी कागद आणि सरकारी वापराच्या वस्तूच ठेवता येतात, आणि तुझी चटणी कितीही उत्तम असली तरी त्या व्याख्येत बसत नाही.

बाबा, तुम्हाला आमचा पत्रव्यवहार पाहायला आवडेल. इथल्या परराष्ट्र मंत्रालयाला पाठवायच्या पत्राला 'नोट व्हर्बाल' म्हणतात. ते तृतीयपुरुषी असते, त्यावर सही नसते, केवळ शिक्का आणि आद्याक्षरे असतात. आत कडक तक्रार असली तरी वकिलात आरंभी मंत्रालयाला आपला आदर कळवते आणि शेवटी त्याच आदराची पुन्हा ग्वाही देते. नव्याने आले तेव्हा मला हे हास्यास्पद वाटत असे. आता वाटते, की भांडण झाल्यावरही उद्या पुन्हा दार ठोठावता यावे म्हणून केलेली ती सोय आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणत तुम्ही तीस वर्षे जे केले, तेही काही वेगळे नव्हते.

याहून अवघड काम फोनवरचे असते. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात सपाट, पाणथळीतून काढलेली शेते आहेत आणि तिथल्या भाजीपाल्याच्या शेतांत आणि हरितगृहांत हजारो पंजाबी मजूर राबतात. त्याच पट्ट्यात म्हशींचे गोठेही आहेत, कारण तिथले मोझरेला हे चीज म्हशीच्या दुधाचे करतात. तो वास आला की मला गंगावेशीतला दूधकट्टा आठवतो. या मजुरांपैकी एखादा अपघाताने किंवा आजाराने जातो, तेव्हा त्याच्या घरी कळवण्याचे काम कधी कधी माझ्याकडे येते. मग मृत्यूचा दाखला, पोलिसांची हरकत नसल्याचा कागद, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र, घरच्यांचे संमतीपत्र हे सारे गोळा करायचे आणि त्याचा पासपोर्ट रद्द करायचा. घरच्यांची ऐपत नसेल तर 2009 साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च करता येतो, त्यासाठी निराळी टिपणी लिहायची. शवपेटी विमानाच्या मालवाहू विभागातून जाते आणि त्या पावतीवर वजनाचा रकाना असतो. तो रकाना मी अजूनही न अडखळता वाचू शकत नाही.

पहिला असा फोन करायचा होता तेव्हा माझी जीभ वळेना. त्या वेळी तहसील कचेरीतले तुमचे टेबल आठवले. करवीर तालुक्यातल्या कोणत्याही गावचा शेतकरी वारसनोंदीसाठी आला, की कागदाला हात लावण्यापूर्वी तुम्ही त्याला बसायला सांगत होता. रांग वाढते म्हणून बाकीचे कुरकुरत, आणि शाळेतून तिथे आलेल्या मलाही तुमचा तो संथपणा लाजिरवाणा वाटत असे. आता मी फोन उचलणाऱ्याला आधी विचारते, घरात आणखी कोण आहे, जवळ खुर्ची आहे का, बसून बोलता का. त्यानंतरच नाव सांगते.

परवा रविवारी, 30 नोव्हेंबरला, मी फ्लॉरेन्सला जाऊन आले. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे निधन 1870 मध्ये याच तारखेला, इंग्लंडहून परतताना, त्या शहरात झाले. (शाहू महाराजांचे पुत्र राजाराम ते वेगळे, हे त्यांच्या कितीतरी आधीचे.) वय अवघे वीस. काशीने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते, तिथे त्यांचे दहन झाले आणि 1874 मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. ती छत्री मेजर मँट यांनी आखलेली आहे, ज्यांनी पुढे आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. आत फेटा आणि दागिने घातलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही लोक 'इंदियानो', म्हणजे भारतीय, म्हणूनच ओळखतात.

तिथे उभी असताना महाराजांपेक्षा मला त्या दिवशीच्या कागदांचाच विचार अधिक सुचला, हे कदाचित तुम्हाला विचित्र वाटेल. इटलीत तेव्हा दहनाची प्रथा नव्हती, त्यामुळे परवानगी मिळवावी लागली. फ्लॉरेन्स त्या काळी इटलीची राजधानी होती, म्हणजे अर्ज घेऊन कोणी फार लांब गेले नसेल. पण पंचगंगेच्या घाटावर जे आपोआप होते ते परक्या अधिकाऱ्याला परक्या भाषेत समजावून सांगताना त्या माणसाने कोणते शब्द वापरले असतील? नदीचा संगमच का हवा, हे त्याने कसे पटवले असेल? आणि करवीरला कळवण्याचे काम ज्याच्यावर आले, त्याला बसा म्हणायला तरी कोणी होते का? बरोबर नेलेली फुले मी कठड्याशी ठेवली आणि रात्रीच्या गाडीने परतले.

माझी प्रकृती चांगली आहे. थंडी पडू लागली आहे, आईने विणलेला स्वेटर वापरते. बाबांनी गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय महाद्वार रोडची गर्दी करू नये. पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज मी आजच दिला असून त्यात नोव्हेंबर महिना मागितला आहे. मंजूर झाली तर बँकेतल्या त्या रांगेत मी तुमच्याबरोबर उभी राहीन. तोवर घाई करून एकट्याने जाऊ नका, महिनाभर मुदत असते.

तुमची,
धाकटी