सुरसागरच्या काठावरच्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्हाला आमचं नाव माहीत नाही आणि आम्हाला तुमचं. विचारलं होतं मी, पण तुम्ही हात उडवून म्हणालात, "नावाचं काय ताई, प्रतापनगर रेल्वे वर्कशॉपचा रिटायर माणूस म्हणा, बराबर ने?" फोन नंबर मागितला, तर फोनवर ऐकू येत नाही म्हणून तोही टाळलात. तेव्हा हे पत्र उघडंच लिहितेय. बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या कुणाच्या नजरेस पडलं, तर संध्याकाळी सुरसागर तलावाच्या काठावर बसणाऱ्या, तपकिरी कानटोपीतल्या आणि खिशात लाल पेन बाळगणाऱ्या काकांना वाचून दाखवावं, ही विनंती. जरा मोठ्याने.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ. तुमच्या शेजारच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो: मी, माझी कॉलेजातली लेक आणि माझे वडील, नाना. आम्ही भांडत होतो, तेही अस्सल मालेगावी आवाजात, त्यामुळे तुम्हाला ऐकू येत नव्हतं असं मला तरी म्हणता येणार नाही. हातात माझा कागद होता. रविवारी पावागड, चांपानेर आणि जमलं तर जांबुघोड्याचं जंगल. सोमवारी केवडियाचा पुतळा, येताना चांदोद आणि डभोई. मंगळवारी अहमदाबादला जाऊन परत. बुधवारी सकाळी राजवाडा, रात्री नाशिकची बस. लेक म्हणत होती की जांबुघोड्याला राहायलाच जाऊ. मी म्हणत होते की टॅक्सीचे पैसे दिलेत तर सगळं बघून घेऊ. नाना गप्प होते. ते गप्पच असतात.

तेव्हा तुम्ही मध्ये बोललात. "माफ करा, सोमवारी केवडिया? सोमवारी पुतळा बंद असतो. राजवाडाही बंद." आणि कागद मागून घेतलात.

मी आठवडाभर खपून तो कागद केला होता, काका. तुम्ही पाच मिनिटांत त्याच्यावर लाल रेघा ओढल्यात. मला राग आला होता, हे आता सांगायला हरकत नाही. पण रेघा ओढायच्या आधी तुम्ही एक काम केलंत, जे माझ्या आठवडाभरात मला सुचलं नव्हतं. तुम्ही नानांकडे वळून विचारलंत, "मास्तर, तुम्हाला बडोद्यात काय बघायचंय?"

(ते मास्तर आहेत हे तुम्ही कसं ओळखलंत? शर्टाच्या खिशातल्या दोन पेनांवरून?)

नाना म्हणाले, "मला गोपाळचं गाव बघायचंय." तुम्ही तेवढ्यावर ओळखलंत. लेकीला मात्र समजावून सांगावं लागलं. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे आमच्या गावापासून जवळच. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात १८६३ साली जन्मलेला गोपाळ, १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि त्याचे सयाजीराव झाले. कशासाठी आलास, असं विचारल्यावर "राज्य करायला" असं त्या पोराने सांगितलं म्हणतात. नानांनी ही गोष्ट चाळीस वर्षं वर्गावर्गांतून सांगितली. बडोदा मात्र कधी बघितलं नव्हतं. आणि माझ्या कागदावर बडोद्याच्या वाट्याला एक सकाळ होती, बाकी सगळं बाहेर धावणं.

तुमचा हिशोब साधा होता. एका दिवसात एकच दिशा. चांपानेर ईशान्येला हालोलच्या बाजूला, पन्नासेक किलोमीटर. डभोई आग्नेयेला, तीसेक, आणि चांदोद त्याच्या पुढे. केवडिया एकीकडे नव्वदच्या घरात. "एवढ्या लांब जाऊन वर रांगेत उभं राहायचं, मास्तरांच्या गुडघ्यांना विचारा." रविवारी पावागडला जाऊ नका, देवीच्या दर्शनाला सगळा पंचमहाल लोटतो, हेही तुमचंच. रविवार शहराला, सोमवार चांपानेरला कारण तिथे सोमवारचं बंद-बिंद नाही, मंगळवार डभोईच्या बाजूला. बुधवारी सकाळी जे राहिलं असेल ते. अहमदाबादवर तर तुम्ही दोन रेघा मारल्यात. लेक पुतळ्यासाठी रुसली, तेव्हा म्हणालात, "सरदार कुठे पळून जात नाहीत, पुढच्या खेपेला एक रात्र तिकडेच राहा." १८२ मीटरचा पुतळा पळून कसा जाईल, यावर ती हसली. तरी रुसलेलीच होती. अजूनही अधूनमधून काढते.

टॅक्सीचंही बरं सांगितलंत. दिवसाच्या भाड्यात किती किलोमीटर धरलेत, ते आधी विचारा, आणि ड्रायव्हरच्या जेवणाचं ठरवून टाका. मी विचारलं तर ड्रायव्हरने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आकडा आपोआप खाली आला.

रविवारचं फार लिहीत नाही. राजवाडा राजवाड्यासारखा आहे. १८९० साली पुरा झालेला, दरबार हॉल, रविवर्म्याची चित्रं, लेकीचे दोनशे फोटो. नाना तिथे दमले आणि थोडे कंटाळलेही. पण दुपारी कमाटीबागेत त्यांचा चेहरा बदलला. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघून ते लहान मुलासारखे उभे राहिले, आणि मग तुम्ही सांगितलेल्या संकल्पभूमीकडे त्यांनीच आम्हाला ओढत नेलं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये इथे नोकरीला आले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. मग याच बागेत झाडाखाली बसून ते रडले. नाना तिथे बराच वेळ काठीवर हनुवटी टेकवून बसले. नंतर एवढंच म्हणाले, "गोष्ट सांगताना मी नेहमी शिष्यवृत्तीपाशी थांबायचो."

हे तुम्हाला सांगावं असं तेव्हापासून मनात होतं.

सोमवारी चांपानेर. इथे मात्र तुम्ही आम्हाला वाचवलंत, काका. मी सरळ पावागडच्या रोपवेकडे निघाले असते. तुम्ही लिहून दिलं होतं: "आधी गोल वाव, मग शहर की मस्जिद, मग जामी मस्जिद. शांतीने बघा. डोंगर शेवटी, आणि तोही ज्याला चढायचंय त्यानेच." ती गोल वाव रस्त्याच्या कडेलाच आहे आणि गाड्या तिच्याशेजारून सुसाट निघून जातात. विहिरीच्या भिंतीला चिकटून अरुंद जिना गोल गोल खाली उतरतो, शंखासारखा. आम्ही पोचलो तेव्हा तिथे कुणीही नव्हतं, एक कुत्रं सोडून.

आणि जामी मस्जिद. १४८४ मध्ये महमूद बेगड्याने गड घेतला, पायथ्याशी आपली राजधानी वसवली, आणि १५३५ मध्ये हुमायूनने ती लुटली. पन्नास वर्षांत गाव भरलं आणि ओसलं. पुढे रान माजलं. म्हणूनच जे उभं आहे ते एवढं शिल्लक राहिलं असावं, असं आपलं माझं मत. २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं, तरी सोमवारी सकाळी तिथे आमच्याशिवाय शाळेची एक सहल तेवढी होती. मशिदीच्या खांबांवर, गवाक्षांवर, छतावर कमळं आणि वेलबुट्ट्या आहेत. देवळं घडवणाऱ्या हातांनीच ही मशीद घडवली, हे कुणी सांगायला लागत नाही. खांब १७२, असं तुम्ही म्हणाला होतात. नानांनी काठीने खुणा करत मोजले. एकदा १६९ भरले, एकदा १७४. मग सहलीतल्या पोरांनी ते काम हातात घेतलं आणि त्यांचं एकमत व्हायच्या आत आम्ही निघालो. तुमचे खरे धरतो.

पावागडावर लेक एकटीच गेली, एसटीने माचीपर्यंत आणि पुढे रोपवेने. तुम्ही सांगितलेली पताई रावळाची गोष्ट तिने वर जाताना शेजारच्या बाईंना सांगितली: नवरात्रात देवी स्वतः गरबा खेळायला आली, राजाने तिचा पदर धरला, आणि राज्य गेलं. त्या बाईंनी तिला गोष्टीतल्या चार चुका दाखवल्या. आम्ही दोघं खाली सावलीत बसून शेंगा खात होतो. नानांना गुडघे आठवले नाहीत, तो पहिला दिवस.

मंगळवारी तुमच्या अक्षराने घोटाळा केला. तुम्ही लिहिलं होतं "वढवाणा, उजाडायच्या आत". मी वाचलं "वडवाणी". ड्रायव्हरने हसून गाडी बरोबर जागी नेली. डभोईच्या पलीकडचा तो तलाव बडोदा संस्थानने सिंचनासाठी बांधला, आणि २०२१ मध्ये तो रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज होता, बाजार भरल्यासारखा. मग धुकं उठलं आणि हजारो बदकं दिसली, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकदंब दिसले. हे हिमालय ओलांडून येतात म्हटल्यावर नाना म्हणाले, "आणि आपण नाशिकहून आलो तर किती कुरकुर केली."

डभोईची हिरा भागोळ बघितली. दारावरचं नक्षीकाम बघत मान दुखली. ती घडवणाऱ्या हिरा सलाटाला जिवंत गाडल्याची दंतकथा ड्रायव्हरनेही तुमच्यासारखीच सांगितली, फक्त त्याची जास्त रक्ताळलेली होती. मग तुमचं काम केलं. डभोईच्या स्टेशनावर गेलो. "फलाटाला माझा नमस्कार सांगा," म्हणाला होतात. तुमच्या छोट्या गाडीची जागा मोठ्या रुळांनी घेतलीय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात इथून मियागामपर्यंत बैलांनी ओढलेली रेल्वे धावत होती, हे तुम्ही ज्या अभिमानाने सांगितलं होतंत, त्याच अभिमानाने नानांनी ते फलाटावरच्या चहावाल्याला सांगितलं. त्याने विचारलं, "बैलांना तिकीट लागायचं का?" नमस्कार पोचला, काका.

चांदोदबद्दल तुमचा अंदाज चुकला, तेही लिहून टाकते. चार वाजता घाट शांत असतो म्हणालात. आम्ही गेलो तेव्हा तीन बसेस उतरल्या होत्या. तरी नाव करून ओरसंग आणि नर्मदेच्या संगमापर्यंत गेलो. तिसरी सरस्वती गुप्त, नावाड्याने पाण्यात बोट दाखवून तीही दाखवली. आणि तुमचं सेवउसळ, "अजिबात तिखट नाही" असं सांगितलेलं, नानांच्या डोळ्यांतून पाणी काढून गेलं. लिलो चेवडा मात्र दोन किलो आणला आणि बसमध्येच अर्धा संपवला.

बुधवारी सकाळी तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती, आणि शेवटी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. ती तुम्ही कागदाच्या तळाशी लिहून तिला चौकट काढली होतीत. पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची, म्हणजे उजेड वरच्या मजल्यावरून खालपर्यंत झिरपावा. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. त्याआधी १८९३ मध्ये अमरेलीला आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. हे नाना मला उभ्या उभ्या सांगत होते, आणि मला कळत होतं की माझ्या कागदाप्रमाणे वागलो असतो, तर या वेळी आम्ही राजवाड्याच्या तिकिटाच्या रांगेत घड्याळ बघत असतो.

तो लाल रेघांचा कागद नानांनी मागून घेतला. आता त्यांच्या डायरीत आहे.

आता तुमची पाळी. त्या संध्याकाळी "कवळाणं कसं दिसतं?" असं तुम्ही नानांना विचारलं होतंत आणि आम्ही भांडणाच्या नादात उत्तर दिलं नाही. तर या. मे महिन्यात येऊ नका, भाजून निघाल. डिसेंबर-जानेवारीत मनमाडला उतरा, तिथून मालेगाव एसटीने. पहिल्या दिवशी फक्त कवळाणे, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी चंदनपुरीचा खंडोबा आणि जमलं तर झोडग्याचं माणकेश्वराचं देऊळ. गाळण्याचा किल्ला तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरवू. हे नानांनी लिहून दिलंय, मी नुसतं उतरवलं. कागद वेगळा ठेवलाय, लाल पेन तुम्ही आणा.

तुमची,
मालेगावची ताई

ता. क. रविवारी खंडोबाला गर्दी असते. सोमवारी जाऊ.