जळक्या तेलाला भाव मिळाला, तरच ते कढईबाहेर जाईल

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरमधील आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर रोज सकाळी पोहे-कचोरीची गाडी लागते. परवा तेथे थांबले असता कढईकडे लक्ष गेले. तेल काढ्यासारखे काळपट आणि दाट झाले होते. कचोरी सोडताच तिच्याभोवती फेस धरे आणि तो विरतच नसे. गाडीवाल्याने शेजारच्या डब्यातून आणखी तेल ओतले, तर तेही आधीच तपकिरी होते. विचारल्यावर त्याने काही लपवले नाही. एका नमकीनवाल्याकडचे तळून उरलेले तेल तो ताज्या तेलापेक्षा बऱ्याच कमी भावात घेतो, आणि नवे तेल वापरले तर कचोरी या दरात देणे त्याला परवडत नाही. माणूस कष्टाळू आहे. त्याची स्वतःची मुलेही त्याच कढईतले खातात.

याविषयी कायदा नाही असे नाही. तेल वारंवार तापवले की त्याचे विघटन होऊन त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात, आणि उच्च रक्तदाब, धमन्या कठीण होणे, यकृताचे विकार यांच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून अशा संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरण्यास मनाई केली. तळणासाठी दिवसाला 50 लिटरपेक्षा अधिक तेल लागणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवावी आणि उरलेले तेल अधिकृत संकलकालाच, म्हणजे वापरलेले तेल गोळा करण्याची परवानगी असलेल्यालाच, द्यावे, असाही नियम आहे. मात्र गाडीवाला या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतो. मोठ्याच्या वहीतून निसटलेले तेल नेमके त्याच्या डब्यात येते, आणि तेथे वही नाही व सहसा तपासनीसही नाही.

ट्रान्स फॅटच्या, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीच्या, बाबतीत सरकारला यश आले, कारण तेथे नियम कारखान्याच्या दारातच लावता आला. वनस्पती तुपातील आणि तेलातील मर्यादा जानेवारी 2021 मध्ये 3 टक्के आणि जानेवारी 2022 मध्ये 2 टक्के झाली. कारखान्यांना प्रक्रिया बदलावी लागली, आणि बालूशाही तळणाऱ्या हलवायाला स्वतः काहीच करावे लागले नाही. हजारो कढयांच्या बाबतीत तसे होणार नाही. तेथे नुसत्या दंडाच्या भीतीने भागत नाही, हिशेबच बदलावा लागतो. जोवर जळके तेल संकलकापेक्षा गाडीवाल्याला विकणे फायद्याचे आहे, तोवर ते कढईतच परत येणार.

हे सरकारच्या ध्यानात आलेले नाही असेही नाही. सरकारी तेल कंपन्यांनी 2019 मध्ये वापरलेल्या तेलापासून बनवलेल्या बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरमागे 51 रुपये दर जाहीर केला होता. विचार उत्तम होता, पण त्या दराचा लाभ चार-पाच लिटर तेल उरणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट कोणी बांधली नाही. खाद्यतेलावरील आयात शुल्क ठरवतानाही या छोट्या माणसाचा विचार झाला नाही. माळव्यातील सोयाबीन उत्पादकाचा विचार करून सप्टेंबर 2024 मध्ये ते वाढवले गेले, आणि मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले गेले. शेतकऱ्याला भाव मिळालाच पाहिजे. परंतु तेल महागले की तेच तेल आणखी दोन दिवस उकळते, हा खर्चही त्या हिशेबात कोणीतरी धरायला हवा.

गाडीवाल्यापर्यंत जळक्या तेलाचा भाव पोहोचवणारी वाट बांधणे इंदूरला अशक्य नाही. घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून घेणारे आणि ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारे हे शहर आहे. महापालिकेच्या त्याच गाड्यांवर तेलासाठी एक झाकणबंद कॅन ठेवावा, तेल वजन करून घ्यावे आणि त्याचे पैसे तेथल्या तेथे द्यावेत, किंवा त्या किमतीची सूट ताज्या तेलाच्या डब्यावर द्यावी. माझ्या मते सूट अधिक उपयोगी ठरेल, कारण रोख पैसा दुसरीकडे खर्च होतो आणि डबा मात्र कढईतच रिकामा होतो. तपासनीसाकडे तेल मोजण्याचे छोटे उपकरण असावे. गरम तेलात बुडवले की ते काही क्षणांत आकडा दाखवते. पहिल्यांदा आकडा 25 च्या वर निघाला तर तेल बदलून द्यावे, दुसऱ्यांदा दंड करावा. आणि ज्या मोठ्या उत्पादकाच्या वहीत खरेदी केलेल्या तेलाचा आणि संकलकाला दिलेल्या तेलाचा मेळ बसत नाही, त्याला मात्र पहिल्याच खेपेला जाब विचारावा.

गराडूचा, म्हणजे तळून खाल्ल्या जाणाऱ्या कंदाचा, हंगाम सुरू झाला आहे आणि सराफ्यातील रात्रीच्या खाऊबाजारातल्या कढया रात्री उशिरापर्यंत उतरत नाहीत. महापालिकेने आणि अन्न सुरक्षा विभागाने याच हंगामात सराफा व छप्पन दुकान या खाऊगल्ल्यांत हा प्रयोग सुरू करावा, आणि किती किलो तेल जमा झाले याचा आकडा दर महिन्याला जाहीर करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर