टाळ्या

प्रिय मित्रा,

आठ महिने पत्र नाही. हवं तेवढं बोलून घे. पाठ आहे तशीच आहे, झोप बरी लागते. तब्येतीचं एवढंच.

कायम दुखणाऱ्यांच्या आमच्या गटाचं तुला कळवलं होतं. आठवड्यातून अडीच तास, असे सहा आठवडे. चालवणारे आम्ही दोघे, दोघेही दुखणेकरी, डॉक्टर कुणीच नाही. तिसऱ्या बैठकीत एक बाई अगदी खुशीत म्हणाल्या, “काल बरं वाटत होतं, सगळं घर आवरून काढलं!” आणि मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यानंतर दोन आठवडे त्या आल्या नाहीत. फोन केला तर मुलगी म्हणाली, पडून आहेत.

अरे, आदल्याच आठवड्यात मी त्यांना शिकवलं होतं, की दहा मिनिटं चालायचं ठरलं तर बऱ्या दिवशीही दहाच. अंगात जोर असला तरी थांबायचं. नाहीतर एक दिवस दामटायचं आणि चार दिवस आडवं पडायचं, हे चक्र सुटत नाही.

तुला डोंगर आठवला असेल. “एक्स-रे चांगला आलाय ना, मग चल,” म्हणत मी तुला वर नेलं. सरांची टोपी उडाली, ते तिच्यामागे धावले, तू पोट धरून हसलास आणि मला वाटलं झालं, याचं दुखणं पळालं! माथ्यावर तुझी पाठ थोपटली. मग तुझा तीन आठवडे अबोला. इतकी वर्षं मला वाटत होतं, राग डोंगराचा होता. तो शाबासकीचा होता ना? दुखतंय म्हणालास तेव्हा मी ऐकलं नाही, दुखणं गिळलंस तेव्हा शाबासकी दिली.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा, असं तिच्यासोबतच्या टिपांत आहे. तपासणीत इजा दिसली नाही तरी दुखणं खरं असतं, मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, हे मी पहिल्याच बैठकीत सांगतो. सांगतो, आणि टाळ्या वाजवतो!

तुझी बदली झाली का? ताईला नमस्कार. धाकटीचा निकाल कळव.

गुरुवारी शेवटची बैठक आहे. त्याआधी त्या बाईंना भेटायला जायचंय. माथ्यावर तुला माझ्याकडून काय ऐकायचं होतं, तेवढं लिही. लगेच लिही.

तुझाच