सूचना : दसऱ्याची पूजा आणि गाडीचा रंग

स्टँडवरील सर्व रिक्षा सभासदांना नमस्कार.

यंदा पूजेत ओल्या कुंकवाचं स्वस्तिक रंगावर किंवा स्टिकरवर काढू नका, काचेवर काढा. माझ्या पांढऱ्या व्हिनाइलवरचा (स्टिकरच्या प्लास्टिक कागदावरचा) गेल्या वर्षीचा गुलाबी डाग अजून तसाच आहे. (घरी म्हणतात, देवाची खूण आहे, राहू दे!) झेंडूचे हार दुसऱ्या दिवशी उतरवा. फुलं कुजली की डाग पडतो आणि हाराची तार घासून ओरखडे येतात, ते वेगळंच.

नवं स्टिकर लावलं असेल तर आठवडाभर गाडी धुऊ नका, गोंद धरायला वेळ लागतो. नंतरही पाण्याचा जेट (जोराचा फवारा) मारणाऱ्या पोराला सांगा, हातभर लांबून आणि समोरून मार. कडेला तिरका फवारा बसला की कोपरा उचकटलाच. आत धूळ गेली की कितीही दाबा, चिकटत नाही.

स्टिकरचं जुनं नाव काढायला पेट्रोल, थिनर, ब्लेड नको. हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यापासून सावकाश ओढा.

कपड्यांची पावडर बंद, गाडीचा शाम्पू वापरा. धुणं सावलीत, बॉडी थंड झाल्यावर. सकाळी धुळीवर कोरडं फडकं फिरवणंही थांबवा.

ड्रायर स्टँडच्या पेटीत आहे. वापरून झाला की जागेवर ठेवा.