शनिवारची रात्रफेरी : ओळखपत्राबद्दल

मंडळी, येत्या शनिवारी रात्री ११ वाजता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जमायचंय. मागच्या वेळी पोलिसांनी हटकल्यावर आपल्यातल्या एकाने घाबरून अख्खं पाकीटच पुढे केलं, म्हणून हे लिहितोय.

- पायी फिरताना ओळखपत्र जवळ हवंच, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. नसेल तर शांतपणे तसं सांगा.

- नाव-पत्ता मात्र खरा सांगा. पोलिसासमोर अदखलपात्र (म्हणजे एरवी वॉरंटशिवाय अटक होत नाही असा) गुन्हा केला आणि वर नाव-पत्ताही नाकारला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ खाली अटक होऊ शकते.

- गाडीवाल्यांना ही मोकळीक नाही! गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं, डिजिलॉकरमधलं चालतं.

हुज्जत नको. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.