विजू, सायकल विमानाने आणतोयस तर...

कोल्हापूर

प्रिय विजू,

दिवाळीला दिल्लीहून येताना सायकल घेऊन यायचं तुझ्या मनात आहे हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. इथे भाड्याची बघून ठेवू का, असं मीच विचारणार होतो. पण नकोच. आपल्या मापाची, पायाखाली मुरलेली सायकल ती आपलीच. गगनबावड्याचा रस्ता तू तिच्यावरच करायचास. फक्त भावा, ती नीट बांधून आण. मला या बाबतीत जे खात्रीनं माहीत आहे ते सगळं सांगतो.

आधी तिकीट. थेट आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरायचा मोह सोड. आपल्याकडे छोटी विमानं येतात. एटीआर नावाच्या पंख्याच्या छोट्या विमानात तर पायाखाली सामानाचं पोट नसतंच, बॅगा पुढच्या आणि मागच्या कप्प्यात भरतात. तिथे सायकलचा खोका मावेल की नाही हे त्या दिवशीच्या गर्दीवर ठरतं. शिवाय मधे विमान बदलायचं म्हणजे खोका आणखी एकदा उतरणार, आणखी एकदा चढणार. सायकल हवेत मोडत नाही रे, ती या चढ-उतारात मोडते. म्हणून दिल्ली-पुणे थेट विमान घे. पुण्याहून आपल्याकडे साधारण २३० किलोमीटर, मी गाडी घेऊन येतो.

तिकीट काढलंस की विमान कंपनीला सायकल आहे म्हणून कळव आणि त्यांचं उत्तर लेखी घे. फोनवरच्या ‘हो सर, चालेल’वर विसंबू नकोस, काउंटरवरचा माणूस वेगळा असतो. देशातल्या प्रवासात साध्या तिकिटावर सहसा १५ किलो सामान जातं. तुझी सायकल आणि खोका मिळून तेवढं होऊन जाईल, मग कपड्यांच्या बॅगेचं जादा वजन घरूनच ऑनलाइन भरून ठेव. विमानतळावर तेच महाग पडतं. कार्गोनं पाठवायचा विचार असेल तर एक लक्षात घे, तिथे वजनापेक्षा आकार मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायची. १४० बाय ८० बाय २० चा खोका त्या हिशेबानं ३७ किलोंचा ठरतो, आत सायकल १२ किलोंची असली तरी.

आता खोका. प्लास्टिकच्या कडक पेटीवर पैसे घालू नकोस. रिकामी पेटीच दहा किलोंच्या आसपास जाते, आणि परत जाईपर्यंत ती ठेवायची कुठे? नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात तो सायकलच्या दुकानात माग. त्याच दुकानात आणखी एक वस्तू माग, ती ते फेकूनच देतात. नव्या सायकलच्या पुढच्या चिमट्यात चाकाच्या जागी प्लास्टिकचा एक आडवा तुकडा बसवलेला असतो. चाक काढलेला चिमटा आडव्या दाबानं आत वाकतो, त्याला तेवढाच आधार. पेटीपेक्षा मला या फुकटच्या तुकड्याचं मोल जास्त वाटतं.

खोक्यावर तू कितीही बाण काढ आणि ‘उभा ठेवा’ लिही, तो कुठेतरी आडवा पडणारच आणि त्याच्यावर बॅगा येणारच. तेव्हा आडवा पडेल हे धरूनच बांध. कापडाचं ठाण ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलं असतं ती कापडवाल्याकडून आण. खोक्याच्या रुंदीइतके तीन-चार तुकडे कापून दोन्ही भिंतींच्या मधे उभे कर आणि बाहेरून टेप मार. वजन आलं तर ते या नळ्या पेलतील.

पॅडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे तुला ठाऊक आहेच, पण घाईत गोंधळ होतो. पाना पॅडलच्या वरच्या अंगाला धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा. दोन्ही बाजूंना हेच. सीटच्या दांडीवर काढण्याआधी टेपची खूण कर, म्हणजे इथे उंची शोधत बसायला नको.

सगळ्यात नाजूक जागा मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची. परवा आमच्या ग्रुपमधल्या एकाची सायकल अशीच विमानानं आली. खोका बाहेरून धड, फ्रेमवर ओरखडासुद्धा नाही. सायकल स्टँडला लावली आणि मी मागून बघितलं, तर डिरेलरची खालची पुली जरा आत कललेली. डिरेलर ज्या धातूच्या छोट्या पट्टीवर बसतं तो हँगर वाकला होता, दोनेक मिलिमीटर असेल. हातानं पॅडल फिरवत एकेक गिअर हलका करत नेला, आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर साखळी चढताच डिरेलर स्पोकना घासल्याचा टिक-टिक आवाज आला. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या चढाला त्यानं तोच गिअर टाकला असता तर डिरेलर चाकात गेलं असतं. म्हणून डिरेलर मागे लोंबकळत ठेवूच नकोस. ५ च्या ॲलन कीनं सोडव, केबल तशीच राहू दे, बबल रॅपमध्ये गुंडाळ आणि मागच्या त्रिकोणाच्या आत झिप टायनं बांध. तुझ्या फ्रेमचा एक जादा हँगरही घेऊन ये. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, कोल्हापुरात तो हुकमी मिळेल असं धरू नकोस.

तुझे ब्रेक हायड्रॉलिक आहेत. चाकावरच्या डिस्क, म्हणजे ब्रेक ज्यांना धरतो त्या चकत्या, काढून दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट ठेव आणि ब्रेकच्या पॅडमधे प्लास्टिकची पट्टी सरकव. डिस्क नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग ते उघडत बसावं लागतं. सुटे बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमलाच बांध. खोक्याला एवढं जरी भोक पडलं तरी सुटी वस्तू गेलीच म्हणून समज.

टायर फुटेल ही भीती मनातून काढ. विमानाच्या पोटातही दाब राखलेला असतो, फार तर ८,००० फूट उंचीवर असतो तितका खाली येतो. म्हणजे टायरला फरक जाणवणार चारेक पीएसआयचा. तरीही काउंटरवर हवा काढा म्हणतात, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. थोडी काढ, पण पूर्ण नको. थोडी हवा राहिली की रिमला धक्का बसत नाही, आणि तुझं ट्यूबलेस असल्यानं टायर रिमवरून सुटून आतलं भोक बुजवणारं द्रव सांडत नाही.

पॉवर बँक खोक्यात चुकूनही नको, ती हातातल्या बॅगेतच. सुटणाऱ्या बॅटऱ्यांचे दिवेही तिथेच. पाने आणि मल्टिटूल मात्र खोक्यात, केबिनमध्ये काढून घेतात. हवेची सीओटू नळकांडी आणि साखळीचा स्प्रे घरी ठेव. हातपंप पुरे, तेल इथे माझ्याकडे आहे.

खोका बंद करण्याआधी आतले-बाहेरचे फोटो काढ. काउंटरवर मर्यादित जबाबदारीच्या टॅगवर, म्हणजे नुकसान झालं तर कंपनीची जबाबदारी मर्यादितच राहील असं लिहिलेल्या चिठ्ठीवर, सही घेतात, ती करण्याआधी वाच. पुण्यात उतरलास की माझ्याकडे धावत येऊ नकोस. सायकल बहुतेक पट्ट्यावर येणार नाही, मोठ्या सामानाच्या दारातून येईल. तिथेच खोका उघडून चिमटा, हँगर, चाकं बघ. काही झालं असेल तर बाहेर पडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदव आणि तिची प्रत घे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे अशा तक्रारीला ७ दिवसांची मुदत असते, पण विमानतळ सोडल्यावर ‘हे प्रवासातच झालं’ हे पटवणं फार जड जातं. मी बाहेर थांबतो, तू तासभर लाव.

जमलं तर दिवाळीच्या चार दिवस आधीच ये. नंतर उसाचा हंगाम तापला की गगनबावड्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते, आणि ट्रॅक्टरमागून सायकल चालवण्यात मजा नाही.

खोका हातात आला की त्याची मापं कळव. १४० सेंटिमीटरच्या वर गेला तर माझ्या गाडीत बसणार नाही, भावजींची मोठी गाडी सांगून ठेवावी लागेल. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या