ती चौकट भरू नकोस

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास की बाबांच्या लढाईवरची कॉमिक अडकलीये, त्या एका रात्रीचं पान चार वेळा काढलं नि चारही वेळा फाडलं, कारण बाबा नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं सांगतात. तेव्हा मला धड काही बोलता आलं नाही, फोन ठेवल्यावर एकेक सुचत गेलं, म्हणून लिहितोय.

तू म्हणतोस त्या रात्रीबद्दल पुस्तकांत सगळं आहे, तेच वाचून पान भरून टाकतो. थांब रे. आधी 'माउस'चा दुसरा भाग काढ, १९९१ सालचा, ऑशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांवर आर्ट स्पीगलमनने काढलेली कॉमिक. त्यात स्पीगलमन वडिलांना विचारतो, ऑशवित्झच्या गेटपाशी बँड वाजायचा ना? वडील म्हणतात, नाही, मला नुसतं चालणंच आठवतंय. मुलगा म्हणतो अहो त्याची नोंद आहे. आता खरं कुणाचं धरायचं? त्याने काय केलंय, एका चौकटीत बँड काढलाय आणि नंतरच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांची रांग त्याच्या पुढ्यात इतकी दाट आणलीये की बँड झाकून जातो, मागून जेमतेम वाद्यांची टोकं दिसतात. बास. नोंदही राहिली आणि बाप खोटाही पडला नाही. हे पान मी किती वेळा बघितलं असेल देव जाणे. लेखात हेच करायला गेलं तर 'वडिलांना आठवत नव्हतं, परंतु' असं काहीतरी लिहावं लागतं, आणि त्या 'परंतु'मध्येच बाप हरतो.

दुसरं 'पर्सेपोलिस', मार्जान सत्रापीची इराणमधल्या स्वतःच्या लहानपणावरची कॉमिक. इराण-इराक युद्ध चालू आहे, तेहरानमध्ये शेजारच्या घरावर मिसाइल पडतं, ढिगाऱ्यात त्या मुलीला मैत्रिणीचं ब्रेसलेट दिसतं, आणि ते नुसतं ब्रेसलेट नसतं हे आपल्याला कळतं. ती डोळ्यांवर हात घेते. शेवटची चौकट संपूर्ण काळी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथून पुढे पानच उलटवेना. सत्रापीला प्रेत काढता येत नव्हतं असं थोडंच आहे, पण त्या क्षणी त्या मुलीने जेवढं पाहिलं तेवढंच तिने आपल्याला दिलंय.

आता तू लगेच नाकाझावाचं नाव घेशील, मला माहितीये. 'बेअरफूट गेन' या हिरोशिमाच्या अणुबाँबवरच्या जपानी कॉमिकमध्ये त्याने सगळं दाखवलंय, गळून लोंबणारी कातडी, जळत्या घराखाली अडकलेले वडील, काही म्हणून सोडलं नाही. खरंय. पण तो ६ वर्षांचा असताना स्वतः हिरोशिमात होता, शाळेच्या भिंतीआड होता म्हणून वाचला, वडील, बहीण, धाकटा भाऊ त्याच दिवशी गेले. तरी पुढे कितीतरी वर्षं त्याने त्या विषयाला हात लावला नव्हता. १९६६ मध्ये आई गेली, आणि दहनानंतर बघतो तर हाडंच नाहीत, नुसती राख. किरणोत्साराने आईची हाडंसुद्धा नेली या संतापाने तो पेटला आणि १९७३ ला गेन सुरू झाली. त्याने सगळं दाखवलं कारण ते त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्याचा तो हक्कच होता रे.

तू मात्र तिथे नव्हतास. तुझे डोळे त्या रात्रीचे नाहीत, तुझे डोळे बाबांसमोर बसलेल्या मुलाचे आहेत, आणि तिथून जे दिसलं ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तूच मागे सांगितलं होतंस ना, त्या रात्रीपर्यंत आले की बाबा चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने पुसतात, पुसतच राहतात, काच कधीची स्वच्छ झालेली असते तरी, आणि मग एकदम विचारतात किती वाजले. ते काढ ना. सहा चौकटी लागल्या तर सहा घे, आठ लागल्या तर आठ, बोटं जवळून दाखव, काचेत खिडकी दिसत असेल तर तीही. आणि त्या रात्रीची चौकट मोकळी ठेव, पुस्तकातलं तिथे आणू नकोस, नाहीतर बाबा ते पान वाचतील तेव्हा त्यांना वाटेल आपण जे इतकी वर्षं तोंडातून काढलं नाही ते पोराने कुठून तरी आणून लावलं.

पान त्यांना आधी दाखव हे मात्र नक्की. ते नको म्हणाले तर नको.

पाचव्यांदा काढशील ते फाडू नकोस, कसंही झालं असलं तरी फोटो पाठव, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
विन्या